उंदीर स्वस्त, दवाखाना दूर

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पाळीव उंदराचा हिशेब नेमका असाच आहे. पेट शॉपमध्ये पांढरा उंदीर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. रंगीत किंवा मोठ्या कानांचा ‘डंबो’ घेतला तर हजाराच्या आसपास जातो. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो, आणि तुम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात राहत असाल तर त्यातला सर्वांत मोठा आकडा औषधाचा नसतो, गाडीभाड्याचा असतो. उंदराला भूल देऊन ऑपरेशन करायची वेळ आली, तर बहुतेकदा शंभर-दीडशे किलोमीटर जावं लागतं. म्हणून काय घरी निभावतं, काय गावातल्या दवाखान्यात होतं आणि कशासाठी गाडी काढावीच लागते, हे आधी माहीत हवं.

खालचे रुपयांचे आकडे तरतूद म्हणून धरा. दर दुकानागणिक आणि डॉक्टरागणिक बदलतात. फोनवर विचारल्याशिवाय घरातून निघू नका.

पाळीव उंदीर म्हणजे दुकानातून आणलेला, पिढ्यान्‌पिढ्या माणसाळलेला उंदीर. राइस मिलच्या गोदामात सापडलेलं किंवा बांधीच्या धुऱ्यावरच्या बिळातून निघालेलं पिल्लू नव्हे. ते कितीही गोजिरवाणं दिसलं तरी घरात आणू नका. रानटी उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि असं पिल्लू मोठं झालं की हमखास चावतं.

घेताना

परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. कागद मागायचे ते दुकानदाराकडून. पेट शॉपबाबतच्या केंद्राच्या २०१८ च्या नियमांत कुत्रा, मांजर, ससा, हॅमस्टरबरोबर उंदीरही येतो. दुकानाला राज्य पशु कल्याण मंडळाची नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. पक्की पावती घ्या आणि तिच्यावर नर की मादी, अंदाजे वय आणि तारीख लिहून घ्या. तीनशे रुपयांसाठी ग्राहक आयोगात कोणी जात नाही, हे दुकानदारालाही ठाऊक असतं. पण दीड वर्षाने डॉक्टर वय विचारतील तेव्हा हीच पावती कामाला येते.

दोन घ्या, आणि दोन्ही एकाच लिंगाचे. एकटा उंदीर सुस्त पडतो, स्वतःचे केस ओरबाडतो, चिडका होतो. नर-मादी मात्र एकत्र नकोत. पाच-सहा आठवड्यांत ती वयात येतात, गर्भ २१ ते २३ दिवसांत पूर्ण होतो आणि एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज होतात. व्यायल्यावर चोवीस तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. सगळ्यांत मोठा छुपा खर्च हाच. नराच्या शेपटीखाली चार-पाच आठवड्यांपासून अंडकोष दिसू लागतात. त्यामुळे सहा आठवड्यांच्या पिल्लाबद्दल “अजून कळत नाही” हे उत्तर ऐकून घेऊ नका. दुकानात सगळे एकाच पिंजऱ्यात असतील तर मादी गाभण असू शकते असं धरून चाला आणि तीन आठवडे लक्ष ठेवा.

निवडताना पिल्लू कानाशी धरा. छातीतून किटकिट किंवा घरघर ऐकू आली तर ठेवून द्या. पिंजऱ्यातला एक शिंकत असेल तर त्या पिंजऱ्यातला कुठलाच घेऊ नका.

ऑनलाइन मागवण्याचा मोह टाळा. फोटो एकाचा, जनावर दुसरं, असं तर होतंच. त्यावर आगाऊ पैसे, मग ‘पॅकिंग’, मग ‘हेल्थ गॅरंटी’, मग ‘गाडी अडवली, अजून हजार टाका’. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उंदीर पाठवतो म्हणणाऱ्याला थेट नाही म्हणा. मे महिन्यात त्या डिकीत काय होतं, ते सांगायची गरज नाही.

आधी तराजू, मग पिंजरा

पहिली खरेदी ग्रॅममध्ये दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याची. चार-पाचशे रुपयांत येतो. उंदराचं प्रत्येक औषध वजनावर ठरतं आणि गुरांचं वजन अंदाजाने धरायची सवय असलेल्या दवाखान्यात तुम्ही नेमका आकडा घेऊन गेलात तर अर्धं काम तिथेच होतं. दर रविवारी वजन करा आणि वहीत लिहा. मोठा नर साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा, मादी २५० ते ३५० ची. उंदीर आजार लपवतो, पण घसरलेलं वजन लपवू शकत नाही. आठवड्यात दहा टक्के घट म्हणजे दवाखाना.

बाजारात मिळणारा पक्ष्यांचा पिंजरा हजार-बाराशेला येतो, पण दोन उंदरांना तो पुरत नाही आणि त्याचा तळ तारेचा असतो. त्यापेक्षा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. लांबी अडीच फूट, रुंदी दीड, उंची दोन, अर्धा इंची जाळी आणि खाली सरकता पत्र्याचा ट्रे एवढं सांगितलं की पुरे. दोन ते तीन हजार धरा. मधले मजले जाळीचे ठेवू नका. त्यावर फरशी, फळी किंवा कापड घाला. सतत तारेवर चालून तळपायाला गाठी येतात, त्या चिघळतात आणि महिनोन्‌महिने बऱ्या होत नाहीत.

अंथरुणासाठी इथे फुकट मिळणाऱ्या तीन गोष्टी लोक सुचवतात: मिलमधलं तूस, शेतातलं तणस आणि आरा मशीनवरचा भुसा. तिन्ही टाळा. तूस टोचतं आणि त्याची धूळ फार. तणसाबरोबर बाहेरचे किडे येतात आणि त्यावर रानटी उंदीर फिरून गेलेला असतो. लाकडाच्या भुशाने नाक-फुप्फुस चिडतं. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि धुतलेले सुती कपडे वापरा. खर्च शून्य. ओला कोपरा रोज काढा, आठवड्याला सगळं बदला. पिंजऱ्याजवळ नाक नेल्यावर अमोनियाचा झणका तुम्हाला लागत असेल, तर तो चोवीस तास त्यातच श्वास घेणाऱ्या उंदराला आजारी पाडतोच.

खाणं एका उंदराला दिवसाला १५ ते २० ग्रॅम. दोघांना महिन्याला किलो-सव्वा किलो. ज्वारी, गहू, ओट्स, शिजवलेले मूग किंवा मसूर, आठवड्यातून एक-दोनदा उकडलेलं अंडं, थोडी भाजी. किराण्यात दोन-अडीचशे रुपये पुरतात. लाखोळीची डाळ घालू नका. तिच्यातला विषारी घटक मज्जासंस्थेवर परिणाम करतो. नुसता भात आणि सूर्यफुलाच्या बिया म्हणजे लठ्ठपणा. नराला संत्र्याची साल नको, तिच्यातलं तेल नराच्या मूत्रपिंडाला बाधतं. नागपुरी संत्र्याचा गर थोडा चालतो. उंदराला उलटी करता येत नाही आणि ढेकरही देता येत नाही, म्हणून सोडा, थम्स अप आणि चिकट पीनट बटर सरळ बंद.

बेरीज अशी: दोन उंदीर, काटा, पिंजरा, पाण्याच्या बाटल्या, लपायला मातीचं मडकं किंवा खोकं असं मिळून सुरुवातीला चार ते साडेपाच हजार. मग महिन्याला चार-पाचशे. आणि यातल्या कशालाही हात न लावता दवाखान्यासाठी आठ-दहा हजार बाजूला. हे शेवटचे पैसे नसतील तर उंदीर आणू नका, हे स्पष्टच सांगतो.

घाबरायचं कशाला, कशाला नाही

डोळ्यांच्या कडेला किंवा नाकाशी लाल दिसलं की लोक रक्त समजून धावतात. ते बहुधा रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा पोर्फिरिन नावाचा लाल स्राव असतो. ओल्या कापसाने पुसा. कधीमधी सकाळी थोडं दिसलं तर काही नाही. रोज दिसत असेल, सोबत शिंका, घरघर किंवा फिसकारलेले केस असतील, तर छातीचा आजार आहे.

छातीचा आजार हाच पाळीव उंदराचा मुख्य आजार. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जंतू बहुतेक सगळ्या पाळीव उंदरांत असतोच. धूळ, अमोनिया, थंडी किंवा ताण मिळाला की डोकं वर काढतो. तो मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन, एनरोफ्लॉक्सासिन किंवा दोन्ही देतात आणि ते काही आठवडे चालतं. तीन दिवसांत बरं दिसलं म्हणून बंद केलंत तर पुढच्या वेळी औषध लागू पडत नाही. नव्या घरात पहिल्या आठवड्यात दोन-चार शिंका चालतात. तोंड उघडून श्वास, कुशी भात्यासारख्या हलणं, शेपटी-पंजे निळसर पडणं, हे मात्र त्याच दिवशीचं काम. रात्र काढू नका.

इथे औषधाच्या दुकानातला शॉर्टकट सर्वांत महाग पडतो. डॉक्सिसायक्लिनची माणसाची कॅप्सूल १०० मिलिग्रामची असते. ३०० ग्रॅमच्या उंदराला एका वेळेला लागतं ते दीड मिलिग्रामच्या आसपास. कॅप्सूल फोडून बोटाने चिमूट घेऊन हे जमत नाही. डॉक्टरांकडून लहान मुलांचं पातळ औषध लिहून घ्या आणि मिलीमध्ये डोस मागा. औषध दुधातून देऊ नका, दुधातलं कॅल्शियम ते निकामी करतं.

मादीच्या अंगावरची गाठ हा दुसरा मोठा प्रश्न. उंदराच्या स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात, म्हणून गाठ काखेत, बरगडीवर, मांडीजवळ कुठेही येते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण त्या थांबतही नाहीत. लिंबाएवढी होईपर्यंत वाट पाहिलीत तर उंदीर चालू शकत नाही, ऑपरेशन लांबतं आणि बिल वाढतं. वाटाण्याएवढी असतानाच दाखवा. दर रविवारी वजन करताना पोटावरून, काखांतून बोटं फिरवली की ती सापडतेच.

मादीच्या लघवीत रक्त दिसलं तर ‘पाळी’ समजू नका. उंदराला पाळी येत नाही. गर्भाशय किंवा मूत्राशयाचा आजार असतो, दोन दिवसांत डॉक्टर गाठा. मान एका बाजूला वाकडी होणं हे तरुण उंदरात बहुधा कानाच्या संसर्गाचं लक्षण, लवकर औषध मिळालं तर सुधारतं. दीड-दोन वर्षांच्या मादीला पुढच्या पंजात दाणा धरता येईना, तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीचा संशय असतो. तिथे फार खर्चात पडू नका, डॉक्टरांशी स्पष्ट बोला. म्हाताऱ्या नराचे मागचे पाय ढिले पडतात. वेदना नसतील तर पिंजरा एकमजली करा, एवढंच.

पुढचे दात पिवळे-नारिंगी असतात, तो रोग नाही. ते जन्मभर वाढत राहतात. वरचे-खालचे नीट जुळत नसतील तर वाढून टाळूत घुसतात. नेलकटरने कापू नका, दात उभा चिरतो. दवाखान्यात दोन-तीन आठवड्यांनी कापून घ्यावे लागतील, तेवढा खर्च धरा.

खांद्यावर, मानेवर खपल्या आणि सतत खाजवणं म्हणजे बहुधा माइट्स. यावर आयव्हरमेक्टिन चालतं, आणि तालुक्याच्या ठिकाणी सर्वांत धोक्याचं औषधही हेच. गुरांसाठीचं इंजेक्शन एक टक्क्याचं, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्राम. ३०० ग्रॅमच्या उंदराला किलोमागे ०.२ मिलिग्रामने ०.०६ मिलिग्राम लागतं. म्हणजे ०.००६ मिली. इन्सुलिनच्या ४० युनिटवाल्या सिरिंजवर एक रेघ ०.०२५ मिलीची असते. एक रेघ दिलीत तरी चौपट डोस गेला. औषध पातळ केल्याशिवाय हे मोजताच येत नाही. म्हणून डॉक्टरांना विनंती करा: “साहेब, वजन ३१० ग्रॅम आहे, औषध पातळ करून द्याल का?” यात कमीपणा कुणालाच नाही. दोन्ही उंदरांना एकाच दिवशी औषध, पिंजरा उकळत्या पाण्याने धुवायचा आणि डॉक्टर सांगतील त्या दिवशी पुन्हा डोस.

तसंच एनरोफ्लॉक्सासिनचं. गुरांचं दहा टक्क्यांचं इंजेक्शन कातडीखाली तसंच टोचलं तर तिथली कातडी कुजून जखम होते. तोंडावाटे देता येईल का, हे विचारा.

दवाखाना: कुठे, कधी, किती

पहिला थांबा आमगावचाच सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. शुल्क नाममात्र, पण औषध बहुधा बाहेरून घ्यावं लागतं. इथे रोज गाय, म्हैस, बकरी येते, उंदीर क्वचितच. तरी खरूज, छोटी जखम, दात, सुरुवातीचा छातीचा आजार एवढं इथे होऊ शकतं, वर सांगितलेली वजन आणि पातळ डोसाची काळजी घेतली तर. सकाळी लवकर जा. दुपारी डॉक्टर गावोगाव फिरतीवर असू शकतात. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर आहे खरा, पण ती सेवा प्रामुख्याने पशुपालकांच्या गुरांसाठी. उंदराच्या शिंकेसाठी गाडी येईल या आशेवर बसू नका.

दुसरा थांबा गोंदिया. सुमारे २५ किलोमीटर, एसटी आहे, रेल्वे आहे. कुत्र्या-मांजरांचे खासगी डॉक्टर तिथे बघा. तपासणीला तीन-पाचशे धरा. जाण्याआधी फोनवर तीनच प्रश्न: उंदीर, ससा, हॅमस्टर तपासता का? गॅसची भूल आहे का? नंतर मोबाइलवर विचारलं तर वेगळे पैसे लागतात का? पहिल्याच प्रश्नाला “आणा, बघू” असं उत्तर आलं तर पुन्हा एकदा नीट विचारा.

ऑपरेशन किंवा अवघड आजारासाठी सगळे नागपूर सांगतात. सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय जुनं आणि भरवशाचं. शिक्षणसंस्था असल्यामुळे खासगीपेक्षा दर कमी, पण रांग आणि वेळ जास्त. सकाळच्या ओपीडीला पोचाल असं निघा, रविवार आणि सुट्ट्या टाळा. पण आमगावकरांनी नकाशा एकदा उलट्या बाजूनेही बघावा. रेल्वेने नागपूर दीडशे किलोमीटरच्या पुढे पडतं. सालेकसा, डोंगरगड, राजनांदगाव करत दुर्ग सुमारे ११० वर आहे. दुर्ग-राजनांदगाव रस्त्यावर अंजोऱ्याला छत्तीसगडचं सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे. राज्य बदलतं म्हणून कोणी तिकडे बघत नाही. दोन्हीकडे फोन करा, उंदरावर ऑपरेशन कुठे करतात ते विचारा आणि हो म्हणेल तिकडे जा.

ऑपरेशनला खासगीत चार ते दहा हजार हाताशी ठेवा. आकडा सांगताना काय धरलं आणि काय नाही, ते विचारा. केसपेपर, एक्स-रे, भूल, वेदनाशामक, फेरतपासणी, गाठ तपासायला पाठवायचं शुल्क, हे बऱ्याचदा नंतर जोडलं जातं. टाके कातडीच्या आतून विरघळणाऱ्या दोऱ्याचे घालायला सांगा. बाहेरचे टाके उंदीर एका रात्रीत कुरतडतो, आणि मग तीच भूल, तेच पैसे पुन्हा.

एक गोष्ट लिहून ठेवा. कुत्र्या-मांजरांना ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, उंदराला ठेवत नाहीत. त्याला उलटी होत नाही आणि उपाशी राहिला तर साखर घसरून भुलीतून उठणं अवघड होतं. रिसेप्शनवरून “रात्रीपासून काही देऊ नका” असं सवयीने सांगितलं गेलं, तर डॉक्टरांना थेट विचारा.

सोबत काय न्यायचं: वजनाची वही, आधीची चिठ्ठी आणि औषधांच्या बाटल्या, आणि मोबाइलवर काढलेला श्वासाचा मिनिटभराचा व्हिडिओ. दवाखान्यात उंदीर भीतीने गप्प बसतो आणि घरघर नेमकी तिथेच थांबते, म्हणून हा व्हिडिओ तपासणीइतकाच उपयोगी. दुसरा उंदीरही त्याच डब्यात न्या. एकट्याचा ताण कमी होतो, आणि बरेच दिवस वेगळे राहिलेले उंदीर परत आणल्यावर भांडतात, तेही टळतं.

प्रवासाचं गणित असं. रेल्वेत जनावर न्यायचं तर आधी बुकिंग आणि पावती लागते. बुकिंगशिवाय सापडलं तर दंड. ब्रेक व्हॅनमध्ये टोपली ठेवायची वेळ आली, तर मार्च ते जून हा मार्ग उंदरासाठी बंदच समजा. भाड्याची गाडी किलोमीटरला १३-१४ रुपयांनी धरली तर नागपूरला जाऊन-येऊन चार हजार रुपये सहज होतात. टोल, चालकाचा चहा-भत्ता आणि ‘वेटिंग’ वेगळं. ठरवतानाच सगळं मिळून आकडा घ्या. एसी चालू ठेवायचे जादा पैसे मागतात, उन्हाळ्यात ते द्या. इथे काटकसर करायची नाही.

मे आणि डिसेंबर

उंदराला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो, आणि तीस अंशांच्या वर ते पुरत नाही. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४४ ला टेकतो. कूलरची खोली हवीच, पण पिंजरा थेट झोतात नको. ओल्या वाऱ्याने छाती धरते. लोडशेडिंगसाठी फ्रिजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवा आणि फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात द्या. खाली ओली केलेली फरशी किंवा मातीचं खापर. मृगाचा पाऊस लागला की कूलर दमट हवाच फेकतो, तेव्हा नुसता पंखा आणि उघडी खिडकी बरी. उंदीर लांब पसरून धापा टाकत असेल, तोंडाशी लाळ असेल, तर शेपटी आणि पाय साध्या पाण्याने ओले करा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

उलट टोक डिसेंबर-जानेवारीत. विदर्भातला सर्वांत कमी पारा कित्येकदा गोंदियाचाच असतो. फलालीनचे तुकडे, बंद खोकं आणि खिडकीपासून लांब जागा. खर्च नाही. छातीच्या औषधांचा खर्च मात्र वाचतो.

या दिवसांत घरात उंदराचं विष ठेवू नका. धान घरात आलं की रानटी उंदीर येतात आणि विषाच्या पुड्या कोपऱ्याकोपऱ्यात जातात. पाळीव उंदीर मोकळा सोडला की पहिला शोध त्याच पुडीचा लागतो. पुडी खाल्ल्याचा संशय असेल तर पाकीट सोबत घेऊन डॉक्टर गाठा, विष कुठलं त्यावर उपचार ठरतो.

वागणं

दात करकरणं आणि डोळे आत-बाहेर लटलट करणं हे बहुधा खुशीचं लक्षण, फिट नव्हे. गुलाबी डोळ्यांचा उंदीर डोकं डावी-उजवी हलवतो, कारण त्याला नीट दिसत नाही. अंगावर थेंब-थेंब मुतणं हे खूण करणं आहे, नर जास्त करतात. औषध नाही. जुना टॉवेल घ्या.

भांडणात एकाने दुसऱ्याला उताणं पाडणं, चीं-चीं करणं, हे चालतं. केस फुलवून आडवं-आडवं सरकत येणं आणि रक्त निघणं चालत नाही, वेगळे करा. सहा-सात महिन्यांचा नर अचानक हल्ले करू लागला तर कारण हार्मोनचं. खच्चीकरणाने बहुतेकदा शांत होतो. तीन ते सहा हजार आणि तोच प्रवास. त्याआधी निमित्त शोधा: पिंजरा अरुंद आहे का, लपायला जागा एकच आहे का, खाणं एकाच वाटीत आहे का.

बोटाला चावत असेल तर जाळीतून खाऊ देणं आजच बंद करा. बोट आणि दाणा यांत त्याला फरक कळेनासा होतो. हाताळण्याआधी साबणाने हात धुवा, जेवणाचा वास राहू देऊ नका. चार्जरची वायर पीव्हीसी पाइपमध्ये घाला. पाइप साठ-सत्तर रुपयांचा, चार्जर हजाराचा.

तुम्हाला चावला तर

साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. आमगावच्या ग्रामीण रुग्णालयात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा. घरातच वाढलेल्या उंदराच्या चाव्यानंतर रेबीजची लस क्वचितच लागते, पण हा निर्णय डॉक्टरांचा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना आपणहून सांगा: “उंदीर चावला होता.” उंदीर चावल्याने होणारा ताप पेनिसिलिनने बरा होतो, पण चावल्याचं सांगितलंच नाही तर मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांवर हजार-दीड हजार जातात. घरात गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल तर उंदीर आणू नका.

दोन-अडीच वर्षांनी

आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. शेवटच्या आजारात वेदनारहित मृत्यूसाठी डॉक्टर काय घेतात, हे उंदीर धडधाकट असतानाच विचारून ठेवा. भूल आधी देणार का, हेही. पुरायचं तर विहिरीपासून लांब, दोन फूट खोल, वर दगड ठेवून, नाहीतर कुत्री उकरतात.

मग उरतो एकटा दुसरा. तो वर्षभराच्या आतला असेल तर त्याच लिंगाची दोन पिल्लं आणा, एक नको. एकट्या पिल्लाचा सगळा दंगा जुन्याच्या अंगावर येतो. पहिले दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, नवीन आलेल्यांच्या शिंका आधी कळू द्या. उरलेला दोन वर्षांचा म्हातारा असेल आणि तुम्हाला पुढे पाळायचं नसेल, तर नवीन आणू नका. त्याला रोज तास-दोन तास अंगावर घ्या आणि पिंजरा विकायची घाई करू नका.